आठवीनंतर ही मुलं कुठे जातात?

बडोद्यात रंगकामाला, बांधकामाला नंदुरबार-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबं येतात. त्यांच्या मुलांबद्दल आपल्या मराठी मंडळींकडून हमखास ऐकू येतं, "त्यांना शिकायचंच नसतं." हे साफ खोटं आहे. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी अकरा वर्षांची. गावच्या शाळेचा दाखला नाही म्हणून एका शाळेने तिला दिवाळीपर्यंत लटकवलं आणि मग बसवलं ते तिसरीत. वीसपर्यंतचे पाढे तिला तोंडपाठ, पण गुजराती पाचाचा आकडा ती 'प' वाचायची. त्यावरून तिला 'ढ' ठरवलं.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा काय सांगतो? दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश अडवायचा नाही, हे कलम ५. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, हे कलम ४. हे वेगळं शिकवणंच बहुतेक ठिकाणी कागदावर राहतं.

शिवाय हा हक्क आठवीपर्यंतचाच. पुढे फी, पुस्तकं आणि जातीचा दाखला. भिल्ल समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहे, गुजरातेतही आहे. तरी नंदुरबारहून आलेल्या भिल्लाच्या मुलाला गुजरात सरकारच्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही. आंध्रातून लहानपणी मुंबईत आलेल्या एका मुलाच्या मेडिकल प्रवेशाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये तसं ठरवलं. राज्यांची हद्द नवापूर स्टेशनच्या मधून जाते. तिथे बाकावर जरा सरकून बसलं की राज्य बदलतं. तेवढ्याने मुलाची परिस्थिती बदलते का? माझं स्पष्ट मत आहे, जमात दोन्ही राज्यांच्या यादीत असेल आणि मूल पहिलीपासून इथेच शिकलं असेल, तर इथली सवलत त्याला मिळालीच पाहिजे. त्यासाठी कायदा बदलावा लागला तर बदला.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. आपले पणजोबा त्याच राज्यात शिकले. तेही बाहेरून आलेल्यांचीच मुलं होती, आणि त्यांना मराठीतून शिकायला मिळालं.

जूनमध्ये शाळा उघडल्या की अशा एका तरी घरासोबत शाळेत जा. कलम ५ ची प्रत मुख्याध्यापकांपुढे ठेवा. गावच्या शाळेला फोनही तुम्हीच करा, कारण बापाने त्यात दिवस घालवला तर त्याची मजुरी बुडते. दांडिया बाजार, रावपुरा भागात कुणाला सोबत हवी असेल तर मेसेज करा, मी येईन.