खुलासा: पेट स्कॅनमध्ये मान ‘चमकली’ म्हणजे कॅन्सर पसरलाच असं नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: ‘पेट स्कॅनमध्ये मान-खांदे चमकले की कॅन्सर पसरलाच.’ हे चूक आहे. पेट (PET) स्कॅन म्हणजे शरीरात साखर कुठे जास्त ओढली जाते ते चित्रात दाखवणारी तपासणी. तीत किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली साखर शिरेतून देतात आणि ती जिथे जास्त जाते ती जागा चित्रात चमकते. कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढतात, पण आखडलेले स्नायूही ओढतात. घाबरून मान ताठ धरली किंवा थंडीने कुडकुडलात, तरी तिथे चमक दिसू शकते. म्हणूनच आदल्या दिवशी जड कष्ट नकोत (उसाच्या मोळ्या उचलणंही त्यातच आलं) आणि इंजेक्शननंतर सुमारे 60 मिनिटं न बोलता, उबेत पडून राहायचं. दोन्ही बाजूंना सारखी, स्नायूच्या रेषेत दिसणारी चमक डॉक्टर सीटीच्या (एक्स-रेने काढलेल्या शरीराच्या आतल्या) चित्राशी ताडून बहुधा ओळखतात. मात्र ‘ताणच असेल’ असं घरी ठरवून पुढची तपासणी कृपया टाळू नका.