'नेट/डेव्ह' मधला आकडा त्या प्रोसेसचा नसतो

मराठवाड्यात लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक सूचना फिरते आहे. तिचा आशय असा : कोणती प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) किती डेटा वापरते हे पाहण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर नको, 'प्रॉक' या चालू यंत्रणेची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाची डिरेक्टरी उघडा, 'नेट/डेव्ह' ही फाईल वाचा, तिचा हिशेब मिळतो. शेजारची 'नेट/टीसीपी' त्या प्रोसेसच्या जोडण्या दाखवते, आणि सगळ्या मशीनचे चित्र हवे असेल तर '/प्रॉक/नेट' आहेच. सूचना मदतीच्या हेतूनेच लिहिलेली आहे, पण तिच्यातली तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि पहिल्या विधानाने झालेले नुकसान मी लातूरमधील एका अभ्यासिकेत पाहिले आहे. तिथल्या सर्व्हरवर बॅकअपच्या प्रोसेसपुढे ३८ जीबी दिसले म्हणून इंटरनेट वाचवण्यासाठी बॅकअप बंद करण्यात आला; पंधरा दिवसांनी डिस्क गेली, आणि मधल्या काळातील फीच्या नोंदी पावतीपुस्तकांवरून पुन्हा भराव्या लागल्या.

पहिले विधान तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत. १ क्रमांकाच्या प्रोसेसची 'नेट/डेव्ह' वाचा, मग आपल्या शेलची, म्हणजे आपण आज्ञा लिहितो त्या प्रोसेसची, वाचा. दोन्हींचे आकडे, मधल्या क्षणांत वाढलेले काही बाइट सोडले तर, तेच निघतात. अभ्यासिकेतही तसेच होते : आत्ताच सुरू केलेल्या, नेटवर्कशी काहीही संबंध नसलेल्या 'स्लीप' च्या नावापुढेही ३८ जीबीच होते. कारण या फाईलमध्ये प्रोसेसचा हिशेब नसतोच. ती प्रोसेस ज्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (मशीनमधल्या नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) राहते, त्या नेमस्पेसमधील इंटरफेसचे, म्हणजे नेटवर्कच्या जोडबिंदूंचे, आकडे त्यात असतात. ज्या वाड्यात सात बिऱ्हाडे आहेत आणि नळाचे मीटर मात्र एकच आहे, तिथे कोणत्याही बिऱ्हाडाच्या दारातून मीटर वाचले तरी आकडा वाड्याचाच येतो. तो आकडाही बिऱ्हाडकरू राहायला आल्यापासूनचा नसतो, तर मीटर बसल्यापासूनचा असतो.

मग प्रोसेसच्या डिरेक्टरीत ही माहिती ठेवलीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि गैरसमजाचे मूळही तिथेच आहे. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या कर्नलपासून (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्तीपासून) लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस येऊ लागल्या, म्हणजे एकाच मशीनवर इंटरफेस, राउटिंग टेबल आणि पोर्ट यांचे अनेक स्वतंत्र संच नांदू लागले. त्यानंतर '/प्रॉक/नेट' या एकाच जागी कोणता संच दाखवायचा, याला एक उत्तर राहिले नाही. म्हणून त्याच वर्षी २.६.२५ मध्ये ही माहिती प्रत्येक प्रोसेसच्या डिरेक्टरीत गेली आणि '/प्रॉक/नेट' हा 'सेल्फ/नेट' कडे, म्हणजे वाचणाऱ्या प्रोसेसच्याच डिरेक्टरीकडे, नेणारा दुवा झाला. मार्गातील क्रमांक 'कोणाच्या नेमस्पेसमधून पाहायचे' एवढेच सांगतो. 'कोणाचा वापर' हे तो सांगत नाही.

तिसरे विधान याच्यामुळेच कोसळते. '/प्रॉक/नेट' मशीनचे नव्हे, तर वाचणाऱ्याच्या नेमस्पेसचे चित्र दाखवते. समजा, डेटाबेस स्वतःच्या नेमस्पेसच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवण्याच्या कप्प्यात) ५४३२ पोर्टवर ऐकतो आहे, म्हणजे जोडण्यांची वाट पाहतो आहे, आणि ते पोर्ट बाहेर काढलेले नाही. बाहेरच्या शेलमधून '/प्रॉक/नेट/टीसीपी' वाचल्यास त्याची ओळ सापडणार नाही. त्या डेटाबेसच्या प्रोसेसचा बाहेरून दिसणारा क्रमांक घेऊन तिची 'नेट/टीसीपी' वाचली, की '००००००००:१५३८' आणि स्थितीच्या रकान्यात '०ए' अशी ओळ समोर येते. १५३८ हा ५४३२ चाच सोळा आधाराच्या पद्धतीतील आकडा आहे आणि '०ए' म्हणजे ऐकण्याची स्थिती. आपण 'पोर्ट उघडेच नाही' असे ठामपणे म्हणतो तेव्हा कितीदा आपण फक्त दुसऱ्या वाड्यात उभे असतो, हे इथे लक्षात येते.

'आयपी नेटएनएस लिस्ट' रिकामी आली म्हणून दुसरी नेमस्पेस नाही, असेही समजू नये. ती आज्ञा ठराविक डिरेक्टरीत नाव देऊन ठेवलेल्या नेमस्पेसच दाखवते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या नेमस्पेस तिथे सहसा नसतात. दोन प्रोसेस एकाच नेमस्पेसमध्ये आहेत का, याची खात्रीची खूण त्यांच्या 'एनएस/नेट' या दुव्यात असते, जी सोय या रूपात २०१३ च्या ३.८ कर्नलपासून आहे. कंसातला क्रमांक जुळला तर वाडा एकच. दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसचा हा दुवा वाचायला रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार लागतात.

दुसऱ्या विधानाबद्दल थोडक्यात : 'नेट/टीसीपी' मध्येही नेमस्पेसमधील सगळ्यांचे सॉकेट (जोडण्यांची टोके) असतात. त्यांतले आपल्या प्रोसेसचे कोणते, हे ओळखण्यासाठी प्रत्येक ओळीतील आयनोड क्रमांक (त्या सॉकेटचा ओळखक्रमांक) घेऊन त्या प्रोसेसच्या उघड्या फाईलींच्या 'एफडी' डिरेक्टरीतील 'सॉकेट' दुव्यांशी जुळवावा लागतो. 'नेटहॉग्ज' सारखी साधने नेमके हेच काम करतात.

सूचनेच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एखादी प्रोसेस स्वतःच्या नेमस्पेसमध्ये एकटीच असेल, तर तिथल्या इंटरफेसचा आकडा व्यवहारात तिचाच धरता येतो. मात्र होस्टचेच नेटवर्क वापरणाऱ्या कंटेनरला हे लागू नाही.

प्रोसेसनिहाय टीसीपीचा वापर पाहायचा असेल तर रूट म्हणून 'एसएस -टिप' (ss -tip) चालवावे. आपल्या नेमस्पेसमधील प्रत्येक चालू जोडणीपुढे पाठवून पोचलेले आणि आलेले बाइट, आणि ती जोडणी कोणत्या प्रोसेसची आहे, हे दोन्ही दिसते. अभ्यासिकेत ही आज्ञा चालवली तेव्हा सर्वांत मोठा आकडा कॅमेऱ्यांचे चित्रण वर चढवणाऱ्या प्रोसेसपुढे होता. बॅकअपची प्रोसेस पुन्हा सुरू केल्यावरही त्या यादीत आली नाही, कारण ती सर्व्हरला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर लिहीत होती.