उघडं दार आणि तीन दिवसांची पिशवी

महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. बाहेरचे म्हणतात, ख्रिस्ती लोकांची सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. ख्रिस्ती मंडळीतलेच काही म्हणतात, प्रभूचं नाव न घेता केलेली सेवा म्हणजे नुसतं समाजकार्य, मग आपल्यात आणि एखाद्या संस्थेत फरक तो काय? 2025 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने या विषयावर पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून हा वाद व्हॉट्सॲपवरून इकडे इंग्लंडमधल्या मराठी ख्रिस्ती घरांतही पोचलाय. माझं मत असं की दोन्ही बाजू हेतूवर भांडतात आणि हेतू कोणालाच सिद्ध करता येत नाही. बघायची ती मांडणी. कोणाला द्यायचं हे कोण ठरवतं, कुठे आणि केव्हा देतात, आणि 'प्रार्थना नको' म्हणणाऱ्याच्या पिशवीत एखादा डबा कमी पडतो का?

इथल्या फूड बँकांकडे, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रांकडे, बघितलं की हे नीट कळतं. यातली मोठी साखळी ट्रसेल, पूर्वीचं नाव ट्रसेल ट्रस्ट. पहिली फूड बँक 2000 साली सॉल्झबरीत सुरू झाली. 2023-24 या वर्षात या साखळीने ब्रिटनभर 31 लाखांवर पाकिटं वाटली. बरीच केंद्रं चर्चच्या हॉलमध्ये, बरेच स्वयंसेवक चर्चला जाणारे. पण गरजू कोण हे चर्च ठरवत नाही. डॉक्टर, शाळा, घरकुलाचं कार्यालय, नागरिकांना सल्ला देणारं केंद्र, यांपैकी कोणीतरी व्हाउचर, म्हणजे शिफारसचिठ्ठी, देतं. माणूस ते घेऊन येतो आणि त्याला साधारण तीन दिवसांचं अन्न मिळतं. त्याचा धर्म कोणी विचारत नाही, आणि तो रविवारी कुठे असतो हेही नाही.

हे लोक का येतात? कारणं अगदी कोरडी आहेत. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीचा पहिला हप्ता अर्ज केल्यावर साधारण पाच आठवड्यांनी येतो. मधल्या काळात आगाऊ रक्कम मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. आपल्याकडून आलेले विद्यार्थी आणि केअर होममध्ये काम करणारे यांच्या व्हिसावर तर सरकारी मदत घ्यायची नाही असाच शिक्का असतो. त्यातले कितीतरी भीतीपोटी फूड बँकेकडे फिरकत नाहीत. फूड बँकेचं पाकीट सरकारी मदतीत धरलं जात नाही, त्याने व्हिसाला बाध येत नाही. इथल्या प्रत्येक मराठी मंडळीने हे आपल्या नव्या मुलामुलींना सांगायला हवं.

पिशवी भरणं हे कसबाचं काम आहे. एकट्या माणसासाठी सूप, बीन्स, टोमॅटो, भाज्या यांचे दोन-दोन डबे, मांसाचे किंवा डाळीचे एक-दोन, फळांचा एक, पास्ता किंवा तांदूळ पाचशे ग्रॅम, न्याहारीचं सीरिअल, चहा, बिस्किटं, टिकाऊ दूध एक लिटर. आधी टेबलाशी बसवून चहा देतात आणि विचारतात: घरात माणसं किती, लहान मूल आहे का, काय खात नाही, आणि शिजवायला काय आहे? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ज्याच्याकडे फक्त किटली आहे त्याला तांदूळ देऊन काय उपयोग? त्याच्यासाठी वेगळी पिशवी असते, उकळतं पाणी ओतलं की होणाऱ्या वस्तूंची. अनेक घरांत विजेचा मीटर आधी पैसे भरून चालतो, म्हणून सुक्या कडधान्यापेक्षा डब्यातलं बरं. सुका लाल राजमा भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटं खळखळ उकळावा लागतो. मीटर वाचवायला मंद आचेवर ठेवला आणि कच्चट राहिला तर पोट बिघडतं. आणि डबे उघडायचं ओपनर! सगळे डबे दिले आणि ते राहिलं, असं होतं. जाणते स्वयंसेवक ते पिशवीच्या तळाशी आधी ठेवतात आणि मग भरायला घेतात.

मागच्या खोलीत आलेला माल वजन करून घेतात. प्रत्येक डब्यावर मार्करने महिना-वर्ष ठळक लिहायचं, क्रेट महिन्यावारी लावायचे, जुनं आधी बाहेर काढायचं. शिवणीवर चेपलेला किंवा फुगलेला डबा थेट कचऱ्यात. चुकतं ते असं: सप्टेंबर-ऑक्टोबरात सुगीच्या उपकारस्तुतीला आणि पुढे नाताळात बीन्स-पास्त्याचे ढीग येतात, आणि जुलै-ऑगस्टात, शाळेतलं फुकट जेवण बंद असतं तेव्हा, नेमकी फळ्यांवर जागा दिसायला लागते. देणारा आपल्या सणाच्या हिशोबाने देतो, भूक मात्र शाळेच्या सुट्टीच्या हिशोबाने येते.

प्रार्थनेचं काय? बऱ्याच ठिकाणी चहाच्या टेबलावरचा स्वयंसेवक ती आपणहून सुरू करत नाही. कोणी विचारलं, 'तुम्ही हे का करता?' तर दोन वाक्यांत सांगतो. कोणी म्हटलं, 'माझ्यासाठी प्रार्थना कराल?' तर बाजूला बसून करतात, आणि तोवर पिशवी त्या माणसाच्या हातात आलेली असते. पेत्राच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय याहून वेगळं काय सांगतो? तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. विचारेल त्याला. आशा लपवायची नाही, पण भाताच्या ताटाखाली घालूनही द्यायची नाही.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सदनात धर्माची सक्ती नव्हती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत, काही मुली येऊन बसत. त्यावरून पुण्यात काहूर उठलं आणि 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. मराठी ख्रिस्ती लोक हा प्रसंग नेहमी रमाबाईंच्या बाजूने सांगतात. मलाही वाटतं की स्वतःच्या खोलीचं दार बंद करायला त्यांना सांगणं अन्यायाचं होतं. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे शिकून हिंदूच राहिली आणि त्याच 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं, हे आरोप करणाऱ्यांनी विसरू नये. पण आपणही एक गोष्ट विसरू नये. ज्या बालविधवेचं छप्पर, जेवण आणि पाटी-पेन्सिल एकाच बाईंच्या हातात आहे, तिला त्या उघड्या दारावरून पुढे निघून जाणं सोपं नसतं. कोणी जबरदस्ती केली नाही तरी सोपं नसतं. म्हणून ज्याच्या हातात पिशवी त्याच्याच हातात बायबल, ही मांडणी टाळावी. ती ताकद आपण आपल्या हातातून मुद्दाम काढून ठेवायची.

कायद्याने तर हे अधिकच जरुरीचं केलंय. ओडिशाने 1967 साली आणि मध्य प्रदेशाने 1968 साली जे कायदे केले, त्यांत प्रलोभनाच्या व्याख्येत कुठलीही भेटवस्तू, रोख वा जिन्नस, बसते. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे उचलून धरले: धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही. म्हणजे एकाच हॉलमध्ये, एकाच तासाला, आधी प्रार्थना आणि मग तांदूळ, हे तक्रारीला आयतं निमित्त. वारीत अन्नदान करणाऱ्याला कोणी हेतू विचारत नाही, विचारूही नये. ख्रिस्ती माणसाला मात्र पुरावा ठेवावा लागतो, हे मला खुपतं. इथे इंग्लंडमध्ये चहाच्या टेबलावर प्रार्थना केली म्हणून कोणी पोलीस चौकीत बसत नाही, तेव्हा इथली सवय तिथे जशीच्या तशी लागू होत नाही हेही कबूल.

तरी नगर, जालना, वसई इथल्या मंडळ्यांना करण्यासारखं बरंच आहे. गरजूंची यादी पाळकाने किंवा फादरांनी करू नये. अंगणवाडीताई, आशाताई, शाळेतले मास्तर यांनी नाव सुचवावं, मंडळीने फक्त पिशवी द्यावी. वाटपाच्या समितीत दोन माणसं दुसऱ्या धर्माची घ्यावीत. फोटो काढू नयेत. उपासना रविवारी चर्चमध्ये, वाटप बुधवारी शाळेच्या ओट्यावर. कॅथलिक धर्मग्रामांतले सेंट विन्सेंट डी पॉल या सेवासंस्थेचे सभासद दोघे-दोघे घरी जाऊन गुपचूप मदत देतात, ती रीत जुनी आहे आणि चांगली आहे. चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी ज्वारी-गव्हाचं पीठ साडेतीन किलो, तांदूळ दोन, तूरडाळ एक, तेल अर्धा लिटर, कांदे-बटाटे दोन किलो, मीठ, तिखट, गूळ, चहा पुरतो. धान्य न देता दळून द्यावं, कारण हातात पैसे नसलेल्या घराला गिरणीची दळणावळही जड जाते. पावसाळ्यात पीठ महिनाभराच्या वर ठेवू नये, जाळी धरते.

आता आपण परदेशातले काय करू शकतो? भावनेच्या भरात गावच्या मंडळीच्या खात्यावर पैसे टाकले जातात आणि गोंधळ होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगीत मोडत नाहीत. ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड घेतलेल्याचे मात्र मोडतात, मग रक्कम पाच हजार रुपये का असेना. ते घ्यायला त्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावे लागतात. एका संस्थेने घेऊन दुसरीला पुढे देणंही तेव्हापासून बंद आहे, म्हणजे 'शहरातल्या ट्रस्टकडे पाठवतो, ते तुम्हाला देतील' हा जुना मार्ग संपला. नोंदणी नसेल तर पाठवू नका. अडचणीत तुम्ही येणार नाही, तिथला पाळक येईल.

आणि ज्यांना लगेच काही करायचंय त्यांच्यासाठी: तुमच्या गावच्या फूड बँकेच्या पानावर या आठवड्यात काय कमी आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचूनच विकत घ्या. जुलैत घ्या. सोबत एक ओपनर टाका.