खोकून दाखवा

तीनशे रुपये गेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणायची पद्धत आहे. मला डॉक्टरांच्या फीच्या तीनशे रुपयांचंही दुःख आहे.

आठवडाभर कोरडा खोकला. डॉक्टर सदाशिव पेठेतले, वडिलांच्या वेळेपासूनचे. करोनात फोनवर तपासायला लागले ते लागलेच. "खोकल्यासाठी कशाला येताय? साडेबारा ते पाऊण फोन करा," रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या. फोन लागला बारा त्रेचाळीसला. तेव्हा मी स्वारगेटहून कात्रजला निघालेल्या पीएमपीच्या बसमध्ये. शेजारी एक काका, मांडीवर पिशवी, पिशवीतून कोथिंबीर डोकावतेय. बसच्या गोंगाटात ऐकू येईना, म्हणून फोन स्पीकरवर.

"वय?"

"सत्तेचाळीस."

"वाटत नाही," काका म्हणाले. कमी वाटत नाही की जास्त, ते काही बोलले नाहीत.

"ताप?"

"नसावा."

काकांनी कोथिंबिरीचा ओला हात माझ्या कपाळावर ठेवला. "गार लागतोय हो, डॉक्टर!"

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"असं कसं? मी आहे ना," काका दुखावले.

"बरं, खोकून दाखवा."

आता खोकला मागितला की येत नाही. रात्री दोनला न बोलावता येणारा माणूस, पण भर दुपारी बसमध्ये सगळे माना वळवून बघत असताना मी नुसतं 'खुः' केलं. तेवढ्यात पद्मावतीच्या सिग्नलला पुढच्या टेम्पोनं धूर सोडला आणि काका खोकले. असे खोकले की कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवली. बेंबीच्या देठापासून, घरघरत, तीन आवर्तनं.

"अरे बापरे! छाती भरलीय तुमची," डॉक्टर.

"डॉक्टर, तो मी नव्हतो..."

"बोलू नका. दम लागेल."

१८७९ सालच्या 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक हकीकत आहे. रात्री बाळ खोकायला लागलं, घरचे घाबरले, क्रूप (घसा सुजून श्वास अडवणारा लहान मुलांचा आजार) तर नाही? डॉक्टर म्हणाले, बाळाला फोनजवळ धरा. खोकला ऐकला, क्रूप नाही म्हणाले, सगळे झोपले. बेलनं टेलिफोनचं पेटंट घेऊन चार वर्षंही झाली नव्हती. पण त्या बाळाच्या शेजारी काका नव्हते.

आपल्याकडे २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे, म्हणजे पेशंटला दुरून तपासण्याचे, नियम आले. पेशंटची ओळख पटवून घ्या, फोनवर भागत नसेल तर बोलावून घ्या, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. माझी ओळख पटली होती. खोकल्याची कोण पटवणार? पूर्वी हेच डॉक्टर पाठीला गार स्टेथोस्कोप लावून "श्वास घ्या, सोडा" म्हणायचे. त्यात दुसऱ्याची पाठ मध्ये येण्याची सोय नव्हती. आणि फीची पावती द्यावी असंही त्या नियमांत आहे. मी मागितली, तर ताई म्हणाल्या, "पैसे गेल्याचा मेसेज आला ना तुम्हाला? मग?"

सिरप आलं कफ पातळ करणारं. माझ्याकडे पातळ करायला कफच नाही. रात्री दोनचा कार्यक्रम चालू आहे.

काकांनी मात्र बिगबझारच्या जुन्या पावतीमागे नाव उतरवून घेतलं. "ब्रोमहेक्झिन ना? ह ला क्ष की क ला झ?" डॉक्टरांनी स्पेलिंगसुद्धा सांगितलं. बालाजीनगरला उतरता उतरता दारातून वळून त्यांनी मला विचारलं,

"जेवणानंतरच ना?"