ओम्नीची आगोट

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी ओम्नी घेतली. मागची सीट काढून तिथे फळी, गादी, शेगडी आणि २० लिटरची पाण्याची टाकी बसवली. तिला ‘कॅम्पर व्हॅन’ म्हणणारा मी एकटाच. सोसायटीचे सेक्रेटरी ‘बिऱ्हाड’ म्हणतात.

पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तिचा क्लच जाळायचा नाही, हे ठरलेलं. मग चार महिने गाडी झोपवायची कशी? शिकायला गेलो परदेशी मंडळींकडे. ते हिवाळ्यात झोपवतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळ्या फुटतात, म्हणून टाकी रिकामी करा, नळ उघडे ठेवा, नळ्यांत अँटिफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारं द्रावण, सोडा. ठाण्यात पारा १८वर आला की आम्ही कानटोप्या शोधतो. तरी अँटिफ्रीझ मी आणलंच असतं, बायकोने किंमत विचारली नसती तर.

बाकीचं निमूट केलं. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडवली, मग पॉझिटिव्ह. चार महिने एका जागी उभं राहून टायर चपटे होतात, म्हणून हवा जरा जास्त भरली. हँडब्रेक ओढून ठेवला तर दमट हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. तो सोडला आणि चाकांना विटा लावल्या. विटा तिसऱ्या मजल्यावरच्या नूतनीकरणातल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस मोजून परत घेऊन गेला. मग आमचा पाटा-वरवंटा खाली आला.

खरी लढाई घुशींशी. येऊरच्या पायथ्याला राहायचं म्हणजे त्या आल्याच. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली, सीटखाली इंजिनाभोवती डांबराच्या गोळ्या पेरल्या. ‘गाडीत अन्नाचा कणही ठेवू नका’ हे वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

आई तेव्हा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, तयारीत होती. १ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद, म्हणजे सुकट, बोंबील, वाकट्या आत्ताच भरायला हव्यात. पण सून पडली माळकरी घरातली.

“खाली एवढं कपाट रिकामं उभं आहे ना,” आई म्हणाली. मी हसलो. मला वाटलं, विनोद.

जुलैत बुरशी बघायला कव्हर उचललं. गादीवर हिरवी लव, ती अपेक्षितच. शेगडीवर मात्र पत्र्याचे तीन डबे, आणि डांबराच्या गोळ्या पुडीत बांधून डॅशबोर्डवर.

“अगं, गोळ्या का काढल्यास?”

“सुकटीला वास लागतो.”

गाडीखाली तीन बोके ठाण मांडून होते. वायर एकही कुरतडलेली नव्हती. हे कुठल्याच परदेश्याने लिहिलेलं नाही.

दसऱ्याला वायरी जोडल्या, हार घातला, किल्ली फिरवली. घरघर, आणि गप्प. मेकॅनिकने वाकून सायलेन्सरमधली चिंधी उपसली, मग दार सरकवून दीर्घ श्वास घेतला.

“काका, ही पेट्रोलवर आहे की सुकटीवर?”

आईने त्याला पावशेर बांधून दिली.