घोळणा फुटला म्हणून मेंदू वाचत नाही

बीपी वाढल्यावर नाकातून येणारं रक्त ही कुकरची शिट्टी आहे, ते थांबवलंत तर मेंदूतली नस फुटेल. आणि रक्त आलंच नाही तर दहाही बोटांची टोकं सुईने टोचा. असा मेसेज फिरतोय.

आधी शिट्टी. बहुतेक घोळणे नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात फुटतात. बीपीमुळे मेंदूत रक्तस्राव होतो तो मात्र सहसा खोलवर, मोठ्या धमनीतून थेट निघालेल्या अगदी बारीक फांद्यांमध्ये. वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यांच्या भिंती खराब झालेल्या असतात. नाकातून वाहिल्याने त्या भिंती सुधारत नाहीत. दाबही फारसा उतरत नाही: अंगात साधारण ५ लिटर रक्त, त्यातलं अर्धा कप गेलं तर शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब सांभाळतं. उलट रक्त बघून माणूस घाबरतो नि बीपी आणखी चढतं. बीपीमुळेच घोळणा फुटतो का, यावरही डॉक्टरांचं एकमत नाही!

‘थांबवू नका’ हे तर घातकच, विशेषतः वयस्कर माणसांना आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना. पुढे वाकून बसायचं, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं सलग दाबून धरायचा, मध्येच सोडून बघायचं नाही. मान मागे टाकली तर रक्त घशात उतरतं. तरीही थांबलं नाही तर दवाखाना.

सुईबद्दल काय बोलायचं? मेंदूतली नस फुटली की पक्षाघात होतो. त्यात मिनिटं मोलाची असतात, ती बोटं टोचण्यात जातात.

धोकादायक रक्तस्राव बहुधा बाहेर दिसतच नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९४५मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. तक्रार डोकेदुखीची होती, बीपी ३००/१९०. अतितीव्र रक्तदाबात डोळ्याच्या पडद्यावर ज्योतीच्या आकाराचे रक्ताचे डाग पडतात, तेही डॉक्टरांनी आत डोकावल्यावरच कळतात. क्वचित बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर इतकं खरचटतं की गुठळ्या होऊन रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट खर्ची पडतात, तांबड्या पेशी तुटतात, मूत्रपिंडं बंद पडू लागतात.

आकडा १८०/१२०च्या वर आणि जोडीला छातीत दुखणं, धाप, धूसर दिसणं, भयंकर डोकेदुखी, बोलणं अडखळणं यातलं काहीही असेल तर थेट इस्पितळ. जिभेखाली गोळी ठेवून घरीच दाब पाडायला जाऊ नका. इस्पितळातही बहुतेक वेळा पहिल्या तासात तो २५ टक्क्यांहून जास्त उतरवत नाहीत. एकदम पडला तर मेंदूलाच रक्त कमी पडतं.