डिओची सात वर्षं

आज १० जुलै. रॉनी जेम्स डिओचा वाढदिवस. कितवा, हे विचारायची सोय तो हयात असताना नव्हती. तारखेवर सगळ्यांचं एकमत, सालावर भांडण. कुठे १९४२ छापलेलं, कुठे १९४९, मधूनच कुणी तिसरंच साल काढायचं. आणि खुद्द डिओ वयाचा विषय निघाला की टाळायचा.

डिओ म्हटलं की ज्यांना होंडाची स्कूटर आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी रेनबो, मग ब्लॅक सबाथ, मग स्वतःच्या नावाचा बँड, अशा तीन घरांत गायलेला हा पाच फूट चार इंचाचा, इटालियन वंशाचा अमेरिकन माणूस. गाणं हेवी मेटल, म्हणजे जड, दणदणीत रॉक. एक बँड नावारूपाला आणताना लोकांच्या नाकी नऊ येतात. याने तीन ठिकाणी गाऊन दाखवलं आणि तिन्ही ठिकाणचं काम आज चाळीस-पन्नास वर्षांनीही ऐकलं जातं.

माझी त्याची ओळख १९९१ची. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. खोलीतल्या एका मित्राने नव्वद मिनिटांची टीडीके कॅसेट भरून दिली होती, एका बाजूला सबाथबरोबरचा अल्बम ‘हेवन अँड हेल’, दुसरीकडे त्याच्या स्वतःच्या बँडचा ‘होली डायव्हर’. कव्हरच्या आतल्या कागदावर त्याने निळ्या बॉलपेनने गाण्यांची नावं लिहिली आणि खाली, का कोण जाणे, ‘जन्म १९४९’. पुढची कित्येक वर्षं मी तेच खरं धरून चाललो.

मग कधीतरी मी हिशोब मांडला. तो मांडायला संशोधक असायची गरज नाही, बोटं पुरतात.

न्यूयॉर्क राज्यात कॉर्टलंड नावाचं छोटं गाव आहे. रोनाल्ड पॅडाव्होना, म्हणजे आपला डिओ, तिथे वाढला. जन्म मात्र न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथचा, कारण युद्धकाळात वडील लष्करात होते आणि कुटुंब तेव्हा तिकडे होतं. (जन्मगावाचा घोळ एवढाच आहे, त्यात काही रहस्य नाही.) १९५७मध्ये शाळेतल्या मित्रांबरोबर त्याचा पहिला बँड झाला. १९५८मध्ये ‘रॉनी अँड द रेड कॅप्स’ या नावाने पहिली सिंगल रेकॉर्ड निघाली. १९६०मध्ये तो शाळेतून पास होऊन बाहेर पडला. आता १९४९ खरं धरा. म्हणजे आठव्या वर्षी बँड, नवव्या वर्षी रेकॉर्ड आणि अकराव्या वर्षी बारावी पास! ज्ञानेश्वरांनंतर एवढी घाई कुणी केल्याचं मला माहीत नाही.

तेव्हा १९४२ हेच खरं. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी त्याच्यापेक्षा बावीस दिवसांनी मोठा. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स त्याच्याहून चार महिन्यांनी लहान, आणि तो गेला १९७०मध्ये. त्या साली डिओ अजून बारमध्ये दुसऱ्यांची गाणी गात फिरत होता.

खोटं साल तरी १९४९च का? हा माझा अंदाज आहे, पण बघा पटतो का. ब्लॅक सबाथचा बेसवादक गीझर बटलर १७ जुलै १९४९चा. गिटारवादक टोनी आयोमी आणि ड्रमर बिल वॉर्ड १९४८चे, ज्याच्या जागी डिओ आला तो ऑझी ऑस्बर्नही १९४८चाच. १९८०मध्ये ‘हेवन अँड हेल’ आला तेव्हा हे सगळे तिशी-एकतिशी-बत्तिशीचे आणि डिओ सदतीस पूर्ण केलेला. १९४९ लावलं की तो गीझरपेक्षा फक्त आठवडाभराने मोठा ठरतो. फोटोत चौघं एका वर्गातले वाटतात.

आमच्या वडिलांचे दोन वाढदिवस होते. एक आजी सांगायची तो, श्रावणातला, आणि दुसरा शाळेतला, १ जून. हेडमास्तरांनी दाखला करताना सरसकट लावलेला. त्या पिढीतले निम्मे लोक ३१ मेलाच रिटायर व्हायचे. त्यामुळे कागदावरचं साल आणि खरं साल वेगळं असण्याचं मला नवल नाही, रागही नाही. फरक एवढाच की वडिलांच्या तारखेमागे कुणाची लाज नव्हती. डिओच्या सालामागे थोडी होती.

ती त्याची एकट्याची नव्हे, त्या धंद्याचीही. आपल्याकडे गवयाचं वय वाढलं की लोक पुढे सरकून बसतात. सत्तरीतले बुवा षड्ज लावतात तेव्हा त्यात किती वर्षांचा रियाज आहे हे श्रोते कानाने मोजतात. रॉकमध्ये उलटं. तिथे तिकीट काढणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची, आणि स्टेजवरचा माणूस आपल्या बापाच्या वयाचा आहे हे त्यांना कळू द्यायचं नसतं. ‘होली डायव्हर’ आला मे १९८३मध्ये. गिटारवर विव्हियन कॅम्पबेल, वीस वर्षांचा. गायक चाळिशी पार केलेला. आकडे शेजारी शेजारी छापले असते तर कंपनीला घाम फुटला असता.

हे सगळं मला समजतं. तरीही ही सात वर्षं कापायला नको होती असं मला ठामपणे वाटतं, आणि कारण नैतिक वगैरे नाही. वय लपवताना त्या माणसाने स्वतःच्या उमेदवारीची वर्षंच गाळून टाकली.

बघा ना. पाचव्या वर्षापासून ट्रम्पेट. मग फ्रेंच हॉर्न. घरात ऑपेरा, गायक मारिओ लांझाचा आवाज कानावर. गाण्याची तालीम त्याने कुणाकडे घेतली नाही; श्वास कुठून घ्यायचा आणि कसा सोडायचा हे वाजवताना शिकलो, असं तो सांगायचा. १९५८च्या त्या पहिल्या रेकॉर्डवर तर तो गायलेलाही नाही. १९६१ ते ६७ ‘रॉनी डिओ अँड द प्रॉफेट्स’. त्या काळातलं जे ऐकायला मिळतं ते ऐकून मेटलवाले कान झाकतील. केस चापून बसवलेले, सूट घातलेला, प्रेमगीतं म्हणणारा गुळगुळीत पोरगा. पण शब्द कसे तोडतो ऐका. एकही अक्षर खात नाही. पुढे रेनबोच्या ‘रायझिंग’मध्ये, १९७६ला, म्युनिकचा वाद्यवृंद मागे गर्जत असताना त्याचा प्रत्येक शब्द स्वच्छ कळतो, त्याचं मूळ या बारमधल्या रात्रींमध्ये आहे.

१९६८मध्ये त्यांच्या गाडीला अपघात झाला. गिटारवादक निक पँटस गेला. बँड तरीही उभा राहिला, नाव बदलत बदलत ‘एल्फ’ झाला. १९७२मध्ये डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस यांनी एल्फचा पहिला अल्बम काढला, डीप पर्पलच्या आधी वाजवायची संधी मिळाली, आणि त्यातूनच १९७५मध्ये डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोरने एल्फची जवळजवळ सगळी माणसं उचलून रेनबो बांधला. म्हणजे जगाला डिओ कळला तेव्हा त्याच्या पहिल्या रेकॉर्डला सतरा वर्षं झाली होती. सतरा! १९४९वाल्या गोष्टीत यातलं काही बसतच नाही. तिथे एक तरुण अचानक आकाशातून पडतो, देणगी घेऊन. रियाज गायब.

आता दुसरा वाद. हाताची ती शिंगं. तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन बोटं मिटलेली. आज कुठल्याही मेटल मैफलीत, लग्नाच्या वरातीतसुद्धा, पोरं ती काढतात. ती डिओने शोधली, असं आम्ही कॉलेजात छातीठोकपणे सांगायचो.

डिओ स्वतः तसं सांगत नव्हता. त्याची गोष्ट साधी होती. ऑझी स्टेजवर दोन बोटांनी शांतीची खूण करायचा, त्याच्या जागी आल्यावर तीच करणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्याने आजीची खूण उचलली. इटालियन आजी रस्त्यात कुणाची नजर वाईट वाटली की बोटांची शिंगं करायची, नजर उलटवायला. आपली आजी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून दृष्ट काढते तोच मामला, फक्त चुलीचा खर्च वाचतो. कव्हन नावाच्या बँडच्या १९६९च्या अल्बमवर ही खूण दिसते. गीझर बटलरचं म्हणणं की ती मी आधीपासून करत होतो आणि डिओला मीच सुचवली. ‘किस’ बँडच्या जीन सिमन्सने तर २०१७मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात अर्जच ठोकला, ही खूण माझी, १९७४पासूनची, म्हणून. त्यात अंगठाही बाहेर होता, म्हणजे खरं तर ती बधिरांच्या सांकेतिक भाषेतली ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ची खूण झाली. दोनेक आठवड्यांत अर्ज मागे घेतला.

या भानगडीत सगळ्यात सभ्य वागला तो डिओ. शोध माझा नाही, मी फक्त ती पसरवली, असं तो म्हणायचा. गंमत वाटते मला. जे श्रेय लोक फुकट त्याच्या पदरात घालत होते ते त्याने परत केलं, आणि जी सात वर्षं घाम गाळून कमावली होती ती मात्र खिशात लपवली.

नावाचं म्हणाल तर दोन गोष्टी चालतात. एक, जॉनी डिओ नावाच्या माफियावरून घेतलं. दुसरी, आजी म्हणाली तुझा आवाज देवाची देणगी, आणि इटालियनमध्ये देव म्हणजे डिओ. माझं मत माफियाला. अठरा वर्षांचा पोरगा आजीचं ऐकून स्टेजचं नाव ठेवत नाही.

‘लाइव्ह इव्हल’ या सबाथच्या लाइव्ह अल्बमच्या भांडणात मला पडायचं नाही. रात्री चोरून स्टुडिओत जाऊन आपला आवाज वाढवला, असा आरोप १९८२मध्ये त्याच्यावर झाला, त्याने नाकारला, बँड फुटला. १९९२मध्ये परत एकत्र आले आणि ऑझीच्या आधी वाजवायचं ठरल्यावर डिओ परत बाहेर पडला. २००६मध्ये ‘हेवन अँड हेल’ या नावाने त्याच माणसांनी पुन्हा संसार मांडला. ज्यांचं खरंच फाटलेलं असतं ती माणसं तिसऱ्यांदा एका खोलीत बसत नाहीत. कॅम्पबेलबरोबरचं पैशांवरून झालेलं भांडण मात्र मिटलं नाही, आणि त्यात डिओची बाजू मला पूर्ण पटत नाही.

१६ मे २०१० रोजी ह्यूस्टनमध्ये तो पोटाच्या कॅन्सरने गेला. बातमीत वय होतं सदुसष्ट. मी मनात साठ धरून बसलो होतो. मग आदल्या वर्षीचा, ‘हेवन अँड हेल’ या बँडबरोबरचा त्याचा शेवटचा अल्बम परत लावला. हा आवाज सहासष्ट वर्षांच्या माणसाचा आहे हे माहीत असताना तो पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि बुवांच्या मैफलीत जसा पुढे सरकून बसतो तसा खुर्चीत पुढे सरकलो. आधी जेव्हा ऐकला होता तेव्हा ‘बरा आहे’ म्हणून बंद केला होता.

आज रात्री जेवण झालं की १९७२चा एल्फ लावणार आहे. ऐकायला तसा मामुली अल्बम, बारमधला ठेका, पियानो जरा जास्तच. पण त्यावर डिओ हे नाव नाही. एकदा तरी आईवडिलांना आपलं नाव रेकॉर्डवर वाचता यावं म्हणून त्याने तिथे छापून घेतलं होतं, रोनाल्ड पॅडाव्होना.